उस्तादांचा बांगडा

कुराशिना सर शनिवारी साडेअकराला येत म्हणजे साडेअकरालाच येत. दुकान उघडल्याची खूण असलेला दारावरचा निळा पडदा टांगायला एखादं मिनिट उशीर झाला, तर ते समोरच्या फुटपाथवर छत्री टेकून, घड्याळाकडे बघत उभे दिसत. अडतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याचं घड्याळ काही निवृत्त होत नाही.

त्या शनिवारी मात्र चिहारूने पडदा दहा मिनिटं आधीच टांगला. तिला स्वस्थ बसवत नव्हतं, दुसरं काय.

इसोगाई सुशी हे ओदावारा स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं आठ खुर्च्यांचं दुकान. एका बाजूला मोगी काकूंची लाँड्री, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, आणि वर माडीवर इसोगाईंचं घर. चिहारूचे वडील तेइजी त्रेचाळीस वर्षं या दुकानात मासे कापायच्या पाटामागे उभे होते. चिहारू, वय छत्तीस, गेली अकरा वर्षं त्यांच्याही मागे, मोरीजवळ उभी होती. भात तिचा, अंड्याची वडी तिची, मासे साफ करणं तिचं. पण गिऱ्हाइकासमोर उभं राहून मुठीत सुशी वळायची, ती फक्त त्यांनी. बायकांचे हात गरम असतात, माशाला सोसत नाहीत, असं हे जुने लोक म्हणायचे. चिहारूचे हात बारा महिने गार असत. पण ते हात त्यांनी कधी धरून बघितले असतील तर ना.

तेइजींना एकाहत्तरावं लागलं आणि नजर अधू झाली, तेव्हा कुठे गाडी जरा हलली. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना त्यांनी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "पुढल्या शनिवारनंतरच्या शनिवारी सरांना तू वाढ. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी बाजूला बसेन. जेवण संपेपर्यंत सरांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, तर दुकान तुझं."

"आणि बघितलं तर?"

"तर नव्या वर्षाला पडदा कायमचा आत. नाव घालवून चालवण्यापेक्षा नाव राखून बंद केलेलं बरं."

"अहो, माणूस आहे तो," चिहारूची आई तोशिए म्हणाली. "मान आहे त्याला. सहज वळेल."

"सरांची मान सहज वळत नाही."

आणि ते खरंच होतं. सर तक्रार करत नसत. भात कणभर कोरडा झाला, माशाचा तुकडा जाड पडला, तर ते नुसते डोळे उचलून तेइजींकडे बघत आणि पुन्हा खायला लागत. त्रेचाळीस वर्षांत असं तीनदा झालं होतं. तेइजींना तिन्ही तारखा तोंडपाठ होत्या.

दुकानाचे नियम पुष्कळ होते, पण दोन मोठे. पहिला, जिना उतरून खाली आलं की 'बाबा' नाही, 'उस्ताद'. सुरुवातीच्या वर्षी चिहारूच्या तोंडून एकदा चुकून 'बाबा' गेलं, तर त्यांनी दिवसभर ऐकूच आलं नाही असं दाखवलं. दुसरा नियम, गिऱ्हाइकासमोर उस्तादाला प्रश्न विचारायचा नाही. काउंटर एवढासा, पलीकडचा माणूस हातभर अंतरावर. तिथे कुजबुजसुद्धा भोंग्यासारखी ऐकू जाते.

आणि त्या दुकानाची खरी शान म्हणजे उस्तादांचा बांगडा.

मीठ लावून, धुऊन, व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा तर सगळेच करतात. पण तेइजींचा खायला लोक दोन स्टेशनं सोडून येत. सहा वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातल्या एका दुकानात बांगडा खाऊन एक बाई पोट धरून कोसळली. माशातला जिवंत किडा तिच्या पोटात जाऊन चावला होता. तेव्हा चिहारूने पहिल्यांदा वडिलांशी भांडण काढलं. मिठाने किडा मरत नाही, व्हिनेगरने मरत नाही, वसाबीने तर नाहीच नाही. बांगडा एक आख्खा दिवस कडक गोठवल्याशिवाय वाढायचा नाही, असा तिने हट्टच धरला.

"मेलेल्याला परत मारायचं," तेइजी म्हणाले होते. "चव पाण्यात जाते."

पण शेवटी कबूल झाले. झाले, आणि सूड म्हणून बाजारात मिळाला तो सगळ्यात लहान फ्रीझर आणला. त्यात बांगडे सरळ मावतच नसत, शेपट्या वाकवून कोंबावे लागत. दर वेळी चिहारू ते करायची आणि दर वेळी तेइजी तोंड फिरवून बसायचे. सहा वर्षं असं चाललं होतं.

साडेअकराला सर आले. छत्री कोपऱ्यात, टोपी खुंटीवर, आणि बूड नेहमीच्या मधल्या खुर्चीवर. पाटामागे चिहारूला बघून त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही.

"आज तू?"

"आज मी, सर."

"सहावीत तुला प्रमेय सांगायला उभं केलं होतं तेव्हाही चेहरा असाच होता," सर म्हणाले. "आणि सांगितलंस बरोबर. चल, अंड्याची वडी दे आधी."

तेइजी काउंटरच्या टोकाला, बिअरच्या पालथ्या क्रेटवर बसले होते. पाठ ताठ, डावा हात एप्रनखाली. तोशिएने त्यांच्यापुढे चहा ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही. कपाळावर बारीक घाम होता. चिहारूला वाटलं, माझ्यापेक्षा यांनाच जास्त घाबरायला झालंय. आणि तेवढ्यातल्या तेवढ्यात तिला जरा बरंही वाटलं.

वडी गेली. मग लेप मासा गेला, मग माकूळ. सर प्रत्येक घास बोटांनी उचलत, पालथा करून मासा जिभेवर टेकवत आणि डोळे मिटून चावत. डोळे उघडत ते समोर, चिहारूच्या हातांकडे. एकदाही टोकाला नाही.

पावणेबारा वाजायला आले तेव्हा शेजारच्या मोगी काकू आल्या. लाँड्रीत नवऱ्याला बसवून दर शनिवारी अर्धा तास त्या इथे टेकायच्या. त्यांना खायचं फारसं नसे, फक्त सगळं समजलं पाहिजे असायचं. त्यांना दुपारी कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सार्वजनिक स्नानगृहातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असे.

"अगं बाई, चिहारू पाटावर! मग उस्ताद काय, पेन्शनीत?"

"बसा हो काकू," तोशिए चहा आणत म्हणाली. "आज जरा हळू बोला."

"हळू? मी?"

सरांनी गरम रुमालाने बोटं पुसली. "बांगडा," ते म्हणाले.

चिहारूने काचेच्या पेटीतून बांगड्याची फाक काढली. वरची पातळ साल सोलून ठेवली होती, पाठ निळी-रुपेरी चमकत होती. बांगडा उस्तादांनी पहाटे स्वतः तयार केला होता. ही एक गोष्ट मी कोणाला करू देणार नाही, असं काल रात्रीच म्हणाले होते. तिने सुरी ठेवली आणि ओढली.

आणि सुरी अडली.

अडली म्हणजे फार नाही. गोठवून पुन्हा मऊ केलेला मासा सुरीखाली जरा सैल सुटतो. हा सुटला नाही, सुरीला धरून राहिला. अकरा वर्षांत तिने हजारो बांगडे कापले होते. हाताला कळलं. हाताला कळलं ते डोक्यात शिरू मात्र तिने दिलं नाही. उस्ताद बसले होते, सर बसले होते, काकू कान टवकारून बसल्या होत्या, आणि गिऱ्हाइकासमोर प्रश्न विचारायचा नाही. तिने तुकडा भातावर ठेवला, मूठ वळली आणि घास सरांपुढे ठेवला.

सरांनी खाल्ला. या वेळी डोळे जास्त वेळ मिटलेले राहिले.

"सहा वर्षांत असा खाल्ला नाही," ते म्हणाले. "आणखी एक."

तेव्हा तरी थांबायचं! पण स्तुतीसारखं आंधळं करणारं दुसरं काही नाही. तिने दुसरा तुकडा कापला, तोही दिला. टोकाला क्रेटवर बसलेल्या तेइजींच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि लगेच ओठ घट्ट मिटले गेले.

"मलाही दे गं तो," मोगी काकू म्हणाल्या. "सर एवढं डोळे मिटतायत ते काय आहे बघू दे."

"आणि मला तिसरा," सर म्हणाले. "वय झालं, पण आज हावरटपणा करतो."

फाकीचा पोटाकडचा भाग उरला होता. चिहारूने सुरी लावली, तुकडा उलटा केला आणि दिव्याखाली तिला ते दिसलं. पांढरट, धाग्याएवढं, गुंडाळी होऊन बसलेलं. तिने सुरीचं टोक टेकवलं. गुंडाळी हळूच उलगडली.

किडा होता. जिवंत होता. म्हणजे हा बांगडा फ्रीझरमध्ये गेलाच नव्हता. तिने परवा वाकवून ठेवलेले दोन्ही बांगडे अजून तिथेच असणार, शेपट्या मुरडलेले, आणि हा पहाटे बाजारातून आणलेला ताजा. आज सरांना खरी चव मिळावी म्हणून. ती पास व्हावी म्हणून.

आणि सरांनी दोन घास गिळले होते.

क्रेट करकरला. तेइजी उठून तिच्याजवळ आले. दुकानात ते चष्मा लावत नसत, उस्तादाने चष्मा लावला की गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो म्हणे. त्यांनी पाटावर वाकून, डोळे बारीक करून बघितलं. अगदी जवळ होते, त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता, जोराचा, तुटक. मग त्यांनी तिच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि ओल्या फडक्याने पाट एकदाच पुसला. धागा फडक्यात गेला.

"वाम घे पुढे," ते तिच्या कानाशी, ओठ न हलवता म्हणाले. "बांगडा संपला म्हण."

एवढं सोपं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन घासांत काही असेलच असं थोडंच आहे? शंभरातल्या नव्याण्णव वेळा नसतं. सर मजेत होते. एकदाही टोकाला बघितलं नव्हतं. वाम, मग लाल सूप, मग चहा, आणि दुकान तिचं. अकरा वर्षं मोरीजवळ उभं राहून ज्यासाठी हात फुटले ते पंधरा मिनिटांवर होतं. आणि बोललं तर? समोर मोगी काकू. बातमी पंधरा मिनिटांत गावभर. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाची अब्रू त्याच्याच लेकीने त्याच्याच काउंटरवर काढली म्हणतील. नव्या वर्षापर्यंत थांबायचीही गरज नाही, पडदा आजच आत.

"काय गं?" मोगी काकू म्हणाल्या. "बांगडा पळाला की काय?"

पण सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दुपारी घरी एकटे, रात्री घरी एकटे. पोटात कळ आली तर म्हातारा माणूस म्हणेल, पित्त झालं असेल, आणि अंगावर काढेल. तिला ते डोळ्यांसमोर दिसलं. चटईवर आडवा पडलेला, गुडघे पोटाशी घेतलेला माणूस, ज्याने तिला सहावीत प्रमेय शिकवलं होतं.

तिने सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"सर, आता जे दिलं त्या बांगड्यात किडा निघाला. जिवंत. तुम्ही खाल्लेल्या दोन घासांत होता की नाही, मला माहीत नाही. मासा गोठवलेला नाही, हे मला पहिल्याच कापाला हाताला कळलं होतं आणि मी गप्प बसले. चूक माझी."

मोगी काकूंचा कप हवेतच राहिला. मोरीजवळ तोशिए पुटपुटली, "हात दाखवून अवलक्षण..." आणि पुढचं गिळून टाकलं. काकूंची मान सर्रकन वळली, तेइजींकडे.

सरांची वळली नाही. ते चिहारूकडेच बघत होते, वर्गात उत्तर अर्धवट सांगणाऱ्या मुलाकडे बघावं तसे.

"मग आता मी काय करायचं?" त्यांनी विचारलं. "दुकानाच्या वतीने तू बोलतेस. तूच सांग."

"आता माझ्याबरोबर दवाखान्यात चला. आज शनिवार, स्टेशनपलीकडचा चालू आहे. नळी घालून बघतात. आणि आता काही सापडलं नाही, पण रात्री दुखलं, तर पित्त आहे म्हणून झोपायचं नाही. परत जायचं." तिने एप्रन सोडायला घेतला. "आणि डॉक्टरांनी विचारलं, कुठे खाल्लं, तर दुकानाचं नाव सांगायचं. इसोगाई सुशी. कोणाची भीड ठेवायची नाही."

"नाव सांगितलं तर काय होतं, माहीत आहे तुला?"

"डॉक्टर आरोग्य खात्याला कळवतात. दुकान बंद करायला लावतात आणि नाव यादीत लागतं, सगळ्यांना वाचायला."

"हं," सर म्हणाले. "तिसऱ्या घासातून वाचलो म्हणायचं." आणि ते टोपी घ्यायला उठले.

एवढ्यात मागे काहीतरी आदळलं. तेइजी बसायला म्हणून मागे सरकले होते, क्रेट लाथाडला गेला होता, आणि ते मोरीच्या कडेला धरून दुमडले होते. एप्रनखालचा हात आता बाहेर आला होता. पोटाच्या वरच्या भागावर, मुठीने दाबलेला. चेहरा भातासारखा पांढरा.

"बाबा!"

जिना उतरून खाली होती ती, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. आणि आता सर बघत होते तेइजींकडे, डोळे फाडून, त्या दिवशी पहिल्यांदाच. अट मोडली, हे चिहारूच्या लक्षात आलं आणि तिला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

"चाखला," तेइजी दातांतून म्हणाले. "सकाळी. पोटाकडची कातरण."

टॅक्सीत पुढे तोशिए बसली, मागे तिघं. मधे तेइजी वाकून, एका बाजूला लेक, एका बाजूला गिऱ्हाईक. मोगी काकूंनी न सांगता दुकानाचा पडदा आत घेतला होता आणि दाराला कुलूप लावलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या, हेच नवल.

चिहारूने ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

तेइजी खिडकीकडे बघत राहिले. "अकरापासून."

"म्हणजे मी सरांना पहिला तुकडा दिला तेव्हा दुखत होतं."

त्यांनी चाचपडत तिचा हात धरला.

"दुखत होतं, आणि बोलला नाहीत."

"मला वाटलं, धास्तीने दुखतंय," ते म्हणाले. "तुझ्या परीक्षेच्या." मग कळ आली आणि त्यांनी डोळे मिटले. ते खरं होतं की त्या क्षणी तयार केलेलं, चिहारूला कळेना. राग येत होता, इतका की खाली उतरून चालत जावं. आणि दुसरीकडे त्यांनी गच्च धरलेला तिचा हात तिला सोडवतही नव्हता. केवढे गार हात आहेत हिचे, असं त्यांना आत्ता तरी वाटलं असेल का, कोण जाणे.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. नळी आधी तेइजींना घातली, मग सरांना. सरांच्या पोटात काहीही सापडलं नाही. ते बाहेर आले ते घसा खाकरत, "नळीपेक्षा किडा परवडला," असं म्हणत. रात्री दुखलं तर यायला डॉक्टरने त्यांना बजावलं, आणि चिहारूने परत एकदा बजावलं. तेइजींच्या पोटात एक सापडला. चिमट्याने ओढून काढला आणि लहान बाटलीत पाण्यात सोडला. काढल्याबरोबर कळ ओसरली. ते पलंगावर उशीला टेकून पडले, एवढेसे, एप्रनशिवाय कोणीतरी वेगळेच वाटणारे.

"बघायचाय?" डॉक्टरने बाटली पुढे केली.

तेइजींनी डोळे बारीक केले. काही दिसेना. त्यांनी हात पुढे केला, आणि तोशिएने पिशवीतून चष्मा काढून दिला. तिने तो आणला होता, न सांगता. त्यांनी चष्मा लावला आणि बाटलीकडे कितीतरी वेळ बघत राहिले. एवढासा, दोन सेंटिमीटरचा. मग चष्म्यातून वर बघितलं, समोर उभ्या चिहारूकडे. तिच्या मनगटावरचे भाजल्याचे डाग, बोटांवरच्या चिरा. या चष्म्याने तिला इतक्या जवळून त्यांनी आधी बघितलं होतं की नाही, देव जाणे.

डॉक्टरने कागद पुढे ओढला. "आता हे भरावं लागतं. कुठे खाल्लं ते." त्याने पेन थांबवलं आणि आवाज खाली आणला. तोही याच गल्लीत वाढला असावा. "इसोगाई-सान, तुमचं घर दुकानाच्या वरच ना? सकाळी, दुकान उघडायच्या आधी खाल्लंत. या सरांना काही झालेलं नाही. घरी खाल्लं असं लिहिलं तर ते खोटं नाही होणार. मग दुकानाचा संबंधच येत नाही."

तोशिए पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. सर टोपी मांडीवर ठेवून बसले होते, त्यांनी डोळे मिटले होते, घास खाताना मिटायचे तसे.

चिहारूला वाटलं, आता मी बोलायला पाहिजे. आणि मग वाटलं, नाही. मी काउंटरवर बोलले ते माझं होतं. हे यांचं आहे. ती गप्प उभी राहिली. सरांच्या पोटात काही निघालं नव्हतं. दुकान वाचत होतं. तिच्या एका गप्प बसण्याने आज सकाळी जे झालं, ते इथे बाबांच्या एका 'हो'ने पुसलं जात होतं, ओल्या फडक्याने पाट पुसावा तसं. आणि त्यांनी 'हो' म्हटलं तर तिच्या मनातून ते कायमचे उतरणार होते, हेही तिला स्वच्छ कळत होतं. त्यांचं दुकान तर मग नकोच होतं तिला.

"घरी नाही," तेइजी म्हणाले.

डॉक्टरने वर बघितलं.

"दुकानात. पाटावरून. तोच मासा गिऱ्हाइकाला दिला. दोन घास. हे बसलेत त्यांना." त्यांनी श्वास घेतला. "लिहा. इसोगाई सुशी."

"मालकाचं नाव?"

"इसोगाई तेइजी." आणि डॉक्टर लिहायला लागला तसे ते उशीवरून उठून बसले. "तारीख नीट लिहा. आजची. दुकान तिच्या नावावर व्हायचंय, पण मासा मी आणला, मी मुरवला, न गोठवता मी ठेवला. तिने पकडला. हे तिच्या खात्यात जाता कामा नये. आज मालक मी आहे. मी आहे तोवर लिहून टाका."

डॉक्टरने लिहिलं. तेइजींनी कागद मागून घेतला, चष्म्यातून शब्द न् शब्द वाचला आणि खाली सही केली.

"बघितलं मी तुमच्याकडे, तेइजी," सर अचानक म्हणाले. त्यांना अट ठाऊक नव्हती, निदान चिहारूची तशी समजूत होती. "आजचं धरून चौथ्यांदा. पण तुम्ही पडलात म्हणून बघितलं. जेवणासाठी नव्हे."

तेइजींनी मान हलवली. मग पुन्हा आडवे झाले, चष्मा न काढता. छताकडे बघत पडून राहिले. चिहारू त्यांच्या पायांवरची चादर सारखी करायला वाकली.

"ए," ते म्हणाले. दुकानात ते तिला असंच हाक मारत.

"काय, उस्ताद?"

"दुकान उघडशील तेव्हा आधी फ्रीझर मोठा घे. आहे त्यात बांगडे सरळ मावत नाहीत."